पांढऱ्या कार्डावरची नात

छत्तीस वर्षं मी रेशनकार्डांवरची नावं कमी केली. वाढवलीही, पण लोकांच्या लक्षात राहिलो तो कमी करणारा म्हणूनच. तालुक्याच्या कचेरीत, पुरवठा शाखेत माझं टेबल खिडकीला लागून होतं. रांगेतल्या माणसांना टेबलावर मी आहे असं कळलं की काही जण कार्ड शर्टाच्या आत सरकवून माघारी जात, असं आमचा शिपाई सांगायचा. आमच्याकडे दर घरातलं एखादं तरी माणूस मुंबईला. वीस वर्षं चाळीत राहिलेला मुलगा, सासरी नांदणारी लेक, तीन वर्षांमागे वारलेला आजा, सगळे कार्डावर घरात हजर. "राहू द्या हो भाऊसाहेब, नाव गावात असलेलं बरं," म्हणायचे. मी राहू देत नसे. एका म्हाताऱ्याला मी एकदा म्हटलं होतं, "कार्डावर नाव ठेवून बायको परत येत नाही." त्याने कार्ड पुढे केलं. ते वाक्य तेव्हा मला फार हुशारीचं वाटलं होतं.

तर आता हेही सांगितलं पाहिजे की एक खोटं नाव मीही लिहिलं. एकच. स्वतःच्या कार्डावर, निवृत्तीला चार दिवस उरले असताना, मे २०१४मध्ये.

माझा मुलगा स्वरूप २०१०ला इंग्लंडात शिकायला गेला. लेस्टर म्हणून गाव आहे. शिक्षण संपलं, व्हिसा संपला, हा काही परत आला नाही. मिळेल त्या गोदामात काम करत राहिला. तिथेच त्याला चिपळूणकडची तेजस्वी भेटली, तिचीही तीच गत. दोघांनी लग्न केलं आणि फोटो पाठवला. "नाना, आता निघालो तर पुन्हा येता येणार नाही, म्हणून निघत नाही," असं त्याने फोनवर सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कचेरीत गेलो आणि आमच्या कार्डावरून त्याचं नाव कमी केलं. कारण : स्थलांतर. नियमाप्रमाणे बरोबरच होतं, पण केलं ते रागाने. गंगा, माझी बायको, आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची आणि पाठ फिरवायची.

मग २०१४च्या जानेवारीत त्यांना मुलगी झाली. सानवी. गंगेने वाडीत साखर वाटली. आमची समजूत अशी, की पोर ज्या देशात जन्मलं त्या देशाचं झालं. तसं नसतं, हे स्वरूपने सांगितलं. आईबापांचे कागद धड नसतील तर तिथे जन्मलेलं मूलही तिथलं ठरत नाही. बरं, आपल्या वकिलातीत जाऊन तिची नोंद करावी, तर हा घाबरायचा. म्हणजे आपल्याकडे पासपोर्ट नाही, त्यांच्याकडे नाव नाही. माझी नात कुठल्याच देशाची नव्हती.

नोकरीतल्या शेवटच्या आठवड्यात टेबल आवरत होतो. स्वतःचं कार्ड खणात होतं. कुठलाही विचार न करता लिहिलं, असं म्हटलं तर ते खोटं होईल. मी चांगला विचार करून, शाई भरून, सावकाश लिहिलं : सानवी स्वरूप शिगवण. नाते : नात. वय : शून्य. शिक्का मारला. आमचं कार्ड पांढरं, म्हणजे पगारदाराचं. त्यावर धान्याचा दाणा मिळत नाही, त्यामुळे मी कोणाच्या तोंडचं काही काढलं नाही. ती आपल्या घरची आहे हे कुठेतरी लिहिलेलं असावं, एवढंच वाटलं. घरी येऊन गंगेला दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं. नाव कुठे आहे ते बोट ठेवून दाखवायला लावलं, आणि मग त्यावर स्वतःचं बोट ठेवून बसून राहिली.

गंगा २०१७च्या पौषात गेली. स्वरूप आला नाही. येऊ शकत नव्हता हे मला समजत होतं, आणि समजत असूनही मी त्याला दोन महिने माफ केलं नाही. तेरावं झाल्यावर चौदाव्या दिवशी कचेरीत जाऊन तिचं नाव कमी करून आलो. दुसऱ्यांना आयुष्यभर शहाणपण शिकवलं, आता आपल्यावर आल्यावर मागे कसा सरणार? त्या दिवसापासून कार्डावर आम्ही दोघंच उरलो. कुटुंबप्रमुख महिपत शिगवण, आणि नात सानवी. पुढे सगळी कार्डं संगणकात चढली, आधार नसलेली नावं गळाली, पण पांढऱ्या कार्डाकडे कोण बघतो? ती राहिली.

आमची वाडी अकरा घरांची. त्यातली सात बंद असतात, गणपतीत आणि शिमग्यात उघडतात. उरलेल्या चारांत मी, आणि शेजारी यमुनाबाई. ती भावकीतली, माझ्या चुलतभावाची विधवा, ऐंशीच्या घरातली. मी तिला वैनी म्हणतो, ती मला भावजी. दिवसातून एकदा दोन घरांमधल्या दगडी गडग्यापलीकडून हाक मारते, मी जिवंत आहे का बघायला. मीही तेच करतो.

दर रविवारी दुपारी स्वरूपचा व्हिडिओ फोन यायचा. सानवीचं मराठी आधी बोबडं, मग मोडकं, मग इंग्रजीत बुडवून काढलेलं. पण बोलायची. मी तिला सांगायचो की काल पडवीत वाडीतली सगळी पोरं जमली होती, पत्त्यांचा डाव पडला, यमुनाआजीने घावने केले, पुरेनात म्हणून पुन्हा पीठ कालवलं. वाडीत पोरंच नाहीत. पण कोणाला माझी कीव आली की माझ्या अंगाला खाज सुटते, आणि दहा वर्षांच्या पोरीची कीव तर मला मुळीच नको होती. यमुनावैनी फोनच्या वेळेला बरोबर येऊन बसायची आणि माझ्या प्रत्येक थापेला मान हलवायची.

२०२४च्या उन्हाळ्यात स्वरूपने सांगितलं, की एक वकीलबाई भेटली आहे. तिथे जन्मलेल्या मुलाने पहिली दहा वर्षं तिथेच काढली असतील, तर आईबाप कसेही असोत, त्या मुलाची नागरिक म्हणून नोंद होऊ शकते. सानवीला दहा पूर्ण झाली होती. शाळेचे दाखले, डॉक्टरांच्या टोचणीच्या नोंदी, सगळं होतं. "नाना, हे झालं तर ती सुटली," तो म्हणाला. "नाहीतर एखाद्या सकाळी दारावर थाप पडेल आणि आम्हा तिघांना विमानात बसवतील. आमचं सोडा. तिने दुसरा देश बघितलेलाच नाही." आणि मग म्हणाला, "माझा जन्मदाखला आणि शाळा सोडल्याचा दाखला पाठवाल का? मी कोण, कुठला, हे दाखवायला."

चौदा वर्षांत पोराने माझ्याकडे पहिल्यांदा काही मागितलं होतं. आणि मागितलं तेही कागद! माझा आनंद विचारू नका. मी तीन दिवस कपाट उपसलं. दोन दाखले मागितले होते, मी एकोणीस कागद पाठवले. घरपट्टी, सातबारा, माझी पेन्शनची ऑर्डर, गंगेचा मृत्यूचा दाखला आणि रेशनकार्डाच्या सगळ्या पानांच्या प्रती, प्रत्येकीवर खरी नक्कल म्हणून सही-शिक्का घेऊन. कागद जास्त झाला म्हणून कोणाचं काम अडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. कमी पडला म्हणून अडलेली हजारो पाहिली होती.

वकीलबाईंनी सगळा गठ्ठा भाषांतर करून अर्जाला लावून दिला.

नोव्हेंबरात एका बुधवारी फोन आला. बुधवारी फोन येत नाही, म्हणून मी घाबरूनच घेतला. स्वरूप होता.

"नाना, कार्ड कशाला पाठवलंत?"

"का? घरचं कार्ड आहे."

"त्यावर सानवीचं नाव आहे. दोन हजार चौदापासून. इथल्या सरकारचं पत्र आलंय, मुलगी भारतात आजोबांच्या घरी राहते असं या सरकारी कागदावर दिसतं, मग ती दहा वर्षं इथे होती कशावरून?" त्याचा आवाज चढला. "तुम्हाला कोणी सांगितलं होतं तिचं नाव घालायला?"

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं लोक हसत म्हणतात. इथे हसायला जागा नव्हती. माझ्या पोरीला मीच बुडवायला निघालो होतो. शेवटी त्याने सांगितलं की वकीलबाई म्हणतात, नाव कमी केल्याचा आदेश हवा, आणि मुलगी त्या घरात कधीच राहिलेली नाही असा सरकारी अहवाल हवा. सहा आठवड्यांची मुदत होती. फोन ठेवताना तो "जेवलात का" असं विचारायचा, त्या दिवशी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने कचेरी गाठली. माझ्या टेबलावर आता हर्षद म्हणून मुलगा बसतो. मुलगा बरा आहे. उभा राहिला, खुर्ची दिली. नाव कमी करायचंय म्हटल्यावर त्याने संगणक उघडला आणि विचारलं, "कारण काय टाकू काका? मृत्यू, विवाह, की स्थलांतर?"

"यातलं कुठलंच नाही."

"तीनच येतात काका. स्थलांतर टाकतो ना."

"स्थलांतर म्हणजे आधी इथे होती आणि मग गेली," मी म्हटलं. "ती इथे नव्हतीच."

जी तीन कारणं हर्षदच्या पडद्यावर होती तीच छत्तीस वर्षं माझ्या तोंडात होती, आणि माणूस कधी आलंच नाही असं चौथं कारण असू शकतं हे मला कधी सुचलं नव्हतं. तो आत साहेबांना विचारून आला. माझा लेखी जबाब लागेल, आणि तलाठ्यांनी घरी येऊन पंचनामा करावा लागेल, मग साहेब हाताने आदेश काढतील.

जबाब मी तिथेच लिहायला घेतला. हर्षद खांद्यावरून वाचत होता. "काका, 'पदाचा वापर करून' कशाला लिहिता? नजरचुकीने म्हणा. उगाच चौकशी लागेल."

"माझ्याकडून नजरचूक होत नाही," मी म्हटलं. मी रागावलो होतो, पण त्याच्यावर नाही. "आणि तिकडच्या माणसाला पटलं पाहिजे. चुकून नात लिहिली जाते का कोणाची?" जबाबात मी लिहिलं की सदर नोंद मी स्वतः, जाणूनबुजून, मुलगी येथे राहत नाही हे माहीत असताना केली. कारण काय ते लिहायला एक ओळ सोडली होती. तिथे बराच वेळ पेन टेकवून बसलो आणि मग लिहिलं, 'घरात तिचे नाव असावे म्हणून.' हर्षदने कागद घेतला आणि आवक क्रमांक टाकला.

पंचनाम्याला तलाठी नम्रता मॅडम आल्या त्या मार्गशीर्षातल्या एका मंगळवारी, सकाळी अकराला. आता त्यांच्या पदाचं नाव बदललंय, लांबलचक काहीतरी केलंय, पण लोक तलाठीच म्हणतात. तिशीची बाई, स्कूटरवरून आली. पाच पंच लागतात आणि आमच्या वाडीत पाच माणसं जमवायची म्हणजे मिरगाआधी बेडूक गोळा करण्यासारखं. बागा राखणारा अनिल आणि त्याची बायको आली, वरच्या वाडीतला जानू आला, पोस्टमनला थांबवून घेतलं. आणि पाचवी यमुनावैनी, नवं लुगडं नेसून, सगळ्यांच्या आधी पडवीत येऊन बसलेली. कशासाठी जमायचं ते मी तिला दोनदा सांगितलं होतं. तिने मान हलवली होती, पण ती माझ्या प्रत्येक बोलण्याला मान हलवते.

नम्रता मॅडमनी कागद मांडीवर घेतला. "या घरात सानवी नावाची मुलगी राहते का?"

अनिल म्हणाला, "नाय." त्याची बायको म्हणाली, "नाय, कदी नाय." जानू आणि पोस्टमनने माना हलवल्या.

"आजी, तुम्ही?"

"ऱ्हाते की," यमुनावैनी म्हणाली. "हितंच ऱ्हाते."

नम्रता मॅडमचं पेन थांबलं. "कुठे आहे मग आत्ता?"

"साळंत ग्येलीय."

"कुठल्या शाळेत?"

"आपल्याच गो बाय. खालच्या."

"आजी, खालची शाळा बंद होऊन दोन वर्षं झाली. पटावर मूलच नव्हतं."

"मंग वरच्या आसंल. माजं ध्यान ऱ्हातंय काय आता?" ती जरासुद्धा डगमगली नाही. "पोर बगितलंय मी. दर आयतवारी बगतंय. ग्वारं हाय, नाक आमच्या गंगासारकं."

"वैनी, गप ऱ्हा!" मी ओरडलो. "काय बोलतेस तू? नाव राहिलं तर पोरीचं नुकसान हाय!"

ती माझ्याकडे वळली आणि माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडली, "जलमभर लोकांची नावां कापलीस! माज्या घोवाचां कापलांस, गंगाचां कापलांस, सोताच्या झिलाचां कापलांस! आता ह्या येका पोरीचां तरी ऱ्हावं दे की मेल्या!"

नवऱ्याचं नाव मी कमी केलं होतं तेव्हा ती कार्ड घेऊन स्वतः कचेरीत आली होती. मी नियमाप्रमाणे सही घेतली होती, आणि माझ्या मते विषय तिथेच संपला होता. बारा वर्षं ती गडग्यापलीकडून मला हाक मारत होती आणि हे मनात ठेवून होती. मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही.

नम्रता मॅडम शहाणी बाई. ती उठली आणि म्हणाली, "मी घर बघून घेते. पाहणी करावीच लागते." आत गेली. माजघरात काय आहे मला माहीत होतं. एक खाट, एका माणसाची भांडी, दोरीवर दोन लेंगे. पण ती माजघराच्या दाराशीच थांबली आणि वाकून चौकट बघायला लागली.

"काका, हे काय आहे?"

चौकटीवर पेन्सिलीच्या आडव्या रेघा होत्या. खालची गुडघ्याच्या जरा वर, सगळ्यात वरची माझ्या छातीपाशी. प्रत्येक रेघेपुढे तारीख, आणि 'सा' हे अक्षर.

"तिची उंची," मी म्हटलं.

"मग ती इथे उभी राहिली होती ना?"

तिच्या आवाजात आता तलाठी बोलत होता. बरोबरच होतं, मीही तसंच विचारलं असतं. बाहेरून सगळे आत डोकावत होते. मी सांगितलं, की दर वाढदिवसाला मी स्वरूपला तिची उंची विचारतो, तो सेंटिमीटरमध्ये सांगतो, आणि मी टेपने मोजून रेघ मारतो. सांगताना मला लाज वाटली, कोणी चोरीचा माल काढून दाखवल्यावर वाटेल तशी. अडुसष्ट वर्षांचा माणूस, टेप घेऊन वाकलेला, रिकाम्या चौकटीशी. पुढचं मला सांगायचं नव्हतं, पण अर्धवट जबाब म्हणजे खोटा जबाब. "जाता-येता कळतं," मी म्हटलं. "कुठवर आली ते."

नम्रता मॅडम बाहेर येऊन यमुनावैनीच्या शेजारी जमिनीवरच बसल्या. "आजी, हे नाव कापलं तर त्या पोरीला तिकडे घर मिळणार आहे. नाही कापलं तर तिला तिकडून काढतील. आता खरं सांगा. ही मुलगी या घरात कधी आली होती?"

वैनी लुगड्याच्या पदराशी चाळा करत राहिली. सगळा जोर गेला होता.

"नाय बाय," ती म्हणाली. "कोन येत नाय हितं. भावजी येकटाच आसतो. गणपतीला पन कोन नाय, शिमग्याला पालखी दारात येते तवा पन ह्यो येकटाच नारळ घिऊन हुबा. आजारी पडला तर मी प्येज देतंय. मी आजारी पडलंय तर ह्यो देतो. पोर फोनात दिसतां तेवडांच."

मॅडमनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. मी म्हटलं, एवढं सगळं नको, मुलगी राहत नाही एवढं पुरे. त्या म्हणाल्या, "काका, पंच सांगेल ते लिहायचं असतं. तुम्हाला मी काय सांगू?" शेवटी वैनीच्या जबाबाखालचा निष्कर्ष त्यांनी नियमाप्रमाणे मोठ्याने वाचून दाखवला : सदर घरात श्री. महिपत शिगवण हे एकटेच राहतात. सदर घरी गेल्या दहा-अकरा वर्षांत कोणतेही लहान मूल राहिलेले नाही, अगर आलेले नाही. सदर घरी मुलगा, सून, अगर अन्य नातेवाईक यांचे येणेजाणे नाही. दाराच्या चौकटीवरील खुणा या दूरध्वनीवरून मिळालेल्या माहितीवरून केलेल्या आहेत. वरील पंचनामा आम्हांस वाचून दाखवला, तो आमचे सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

चौघांनी सह्या केल्या, वैनीने अंगठा दिला. खाली मी. अक्षर बरं आलं नाही.

ते गेल्यावर मी चहा ठेवला आणि प्यायला विसरलो. माझ्या घराविषयी इतका खरा कागद कोणी लिहिला नव्हता. लोकांच्या शेकडो पंचनाम्यांवर मी शिक्के मारले, आत काय लिहिलंय ते माणसाला ऐकून कसं वाटत असेल हा विचार कधी शिवला नव्हता.

पंधरा दिवसांनी आदेश आला. सोबत नवं कार्ड. हर्षदने ते दोन्ही हातांनी दिलं. कुटुंबातील एकूण व्यक्ती : एक. मी एकाचा आकडा तपासला, नाव तपासलं, सही केली. आदेश आणि पंचनामा रत्नागिरीला नेऊन नोटरी केला आणि कुरियरने पाठवला. या वेळी दोनच कागद पाठवले.

त्यानंतर चार महिने काही कळलं नाही. रविवारचे फोन यायचे, पण आखडते. स्वरूप विचारायचा, "बरं आहे ना?" मी म्हणायचो, "बरं आहे." सानवी अभ्यासात असायची. मी पुन्हा पत्त्यांच्या डावाचं सांगायला जायचो आणि स्वरूप मधेच विषय बदलायचा. यमुनावैनी फोनच्या वेळेला यायची बंद झाली होती. हाक मात्र मारायची.

एप्रिलात, बागांमध्ये आंबा उतरवायची धांदल चालू असताना, शनिवारी फोन वाजला. तेजस्वी रडत होती, स्वरूप मागून काहीतरी ओरडत होता, दोघं एकदम बोलत होते. झालं होतं. पत्र आलं होतं. सानवी आता तिथली, कायमची, कोणी काढू शकणार नाही. मी फोन हातात घेऊन घरापुढच्या खळ्यात आलो आणि यमुनावैनीला हाक मारली, "वैनी, झालां गो, पोरीचां झालां!" ती गडग्यापलीकडून हात जोडून नुसतीच उभी राहिली. मला इतका आनंद झाला होता की मी अनवाणी आहे आणि कातळ तापलाय हे पाय पोळल्यावर कळलं.

मग फोन सानवीकडे गेला. ती उंच झाली होती, नीट दिसत होतं. आईबाप दुसऱ्या खोलीत फोनाफोनी करत होते. ती पायरीवर एकटी बसली होती.

"आजोबा, थँक यू," ती म्हणाली. "तुमचा पेपर मी वाचला. वकीलबाईंनी इंग्लिश केला ना, तो. बाबाच्या फाइलमध्ये होता."

"बरं."

"त्यात यमुनाआजी म्हणाली, तुमच्याकडे कोणी येत नाही. गणपतीला पण नाही." शब्द शोधत शोधत बोलत होती. मराठीतच बोलायचं असं तिने ठरवलेलं दिसत होतं. "ते खरं आहे, आजोबा?"

जन्मभर मी लोकांना कागदासमोर उभं केलं. कागदावर आहे तेच खरं, हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा म्हणत असे. ती अकरा वर्षांची पोर माझ्याकडे टक लावून बघत होती. आज तिचा दिवस होता, आणि तिच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं.

"छे गं," मी म्हटलं. "येतात की. आज सकाळीच दहा जण होते पडवीत."

"मग पेपरवर तसं का लिहिलंय?"

"कागदाचं काय एवढं मनावर घेतेस, बाय," मी म्हटलं. "कागदावर लोक काहीही लिहितात."